दातांतली फट: कोणती आपोआप मिटते, कोणती लगेच दाखवायची

मे महिन्याच्या सुट्टीत दिंडोरी तालुक्यातून एक आई आपल्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आली. मुलीचे वरचे नवे दात जरा बाहेरच्या बाजूला फाकलेले, आणि मधोमध तांदळाचा दाणा उभा शिरेल एवढी फट. आईने मोबाइलवर एक रील काढून ठेवलं होतं. दोन दातांना मिळून बारीक रबरबँड गुंडाळायचा, की थोड्याच दिवसांत फट गायब. "हे घरीच केलं तर चालेल का? का क्लिपाच लावाव्या लागतील?"

सोबत आजी आल्या होत्या. बोलताना त्या सारखा पदर तोंडावर धरत होत्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "माझं काय बघता, डॉक्टरबाई. दोन वर्षांत फट पडली. वय झालं, पडायचीच."

सगळं घर नातीच्या फटीच्या काळजीत होतं. नातीची फट बहुधा आपोआप मिटणार होती. आजींच्या दातांभोवतालचं हाड मात्र झिजत चाललं होतं, फट ही त्याची खूण होती, आणि दोन वर्षं तिच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. हा अनुभव मला इतक्यांदा येतो की एकदा सविस्तर लिहावं असं फार दिवस मनात होतं.

पंगत आणि सतरंजी

जबडा म्हणजे पंगतीसाठी अंथरलेली सतरंजी आणि दात म्हणजे तिच्यावर बसलेली माणसं, असं समजा. सतरंजी लांब आणि माणसं अंगाने बारीक असली की मध्ये जागा राहणारच. दातांचा आकार आणि जबड्याचा आकार दोन्ही घराण्यातून येतात, पण ते एकमेकांच्या मापाचेच येतील याची खात्री नाही. अशा माणसाच्या तोंडात एकच फट नसते, सगळेच दात थोडे थोडे विरळ असतात.

कधी पंगतीतलं एक माणूस आलेलंच नसतं. वरच्या मधल्या दोन पटाशीच्या दातांच्या शेजारचा दात काही जणांना जन्मतःच तयार होत नाही, किंवा तयार झाला तरी बारक्या खुंटीसारखा राहतो. शेजारचे दात मग मोकळ्या जागेत सरकतात आणि फट मधोमध दिसू लागते. हेही घराण्यात चालतं, म्हणून मी आईवडिलांना आणि मामा-आत्यांनाही हसून दाखवायला सांगते. कधी उलटं होतं. दोन मधल्या दातांच्या मध्ये हाडात एक जादाचा दात दडलेला असतो. तो बाहेर येत नाही, पण कोपर मारून दोघांना लांब ठेवतो. न आलेला दात आणि जादाचा दात, दोन्ही बाहेरून दिसत नाहीत. त्यासाठी एक्स-रे लागतो. सगळा जबडा एका चित्रात दाखवणाऱ्या एक्स-रेला ओपीजी म्हणतात. तो न काढता फट बुजवायला घेणारा डॉक्टर भेटला तर जरा थांबा.

आठ वर्षांच्या मुलांचे दात असेच दिसतात

दुधाचे दात २०. त्यांच्यामध्ये फटी असल्या तर आनंद माना, कारण त्यांच्या जागी येणारे पुढचे दात बरेच रुंद असतात आणि त्यांना ती जागा लागते. सहाव्या-सातव्या वर्षापासून पक्के दात येऊ लागतात. वरचे मधले दोन साधारण सात-आठव्या वर्षी, त्यांच्या शेजारचे आठ-नवव्या वर्षी. सुळे मात्र अकरा-बारा वर्षांपर्यंत येत नाहीत. तोवर ते वर, नाकपुडीच्या बाजूला, हाडात वाट बघत असतात.

तिथून ते शेजारच्या दातांच्या मुळांवर दाब देतात. केरसुणीची मूठ आवळली की पुढचा फडा पसरतो ना, तसंच इथे होतं. वर मुळं आवळली जातात आणि खाली दात फाकतात. पुढे सुळे खाली उतरू लागतात, तसा दाब मुळांवरून दातांच्या दिसणाऱ्या भागावर येतो आणि फडा मिटतो. सुमारे २ मिलिमीटरपर्यंतची फट बहुतेक मुलांमध्ये अशी आपोआप बंद होते. इंग्रजीत या वयाला 'कुरूप बदकाच्या पिल्लाची अवस्था' असं नाव पडलं आहे. मला ते नाव आवडत नाही. मुलीसमोर तर मी ते कधीच उच्चारत नाही, कारण दुसरी-तिसरीतली मुलं वर्गातल्या चिडवण्याने आधीच तोंड मिटून हसायला शिकलेली असतात.

या काळात घाईने दात एकमेकांकडे ओढले तर शेजारच्या दातांची मुळं थेट न उतरलेल्या सुळ्यांवर जाऊन आदळू शकतात आणि मुळं झिजतात. म्हणून थांबणं हाच इथे उपचार असतो, आणि आईवडिलांना तोच सगळ्यात जड जातो.

थांबायचं, पण डोळे मिटून नाही. फट २ मिलिमीटरपेक्षा बरीच मोठी असेल, एका बाजूचा दात येऊन सहा महिने झाले तरी दुसऱ्या बाजूचा आला नसेल, नवा दात वळलेला आला असेल, तर दाखवून घ्या. तसंही सातव्या वर्षाच्या आसपास एकदा तपासणी करून घेतलेली बरी. तेव्हा लगेच क्लिपा लागतात असं नाही. बहुतेकांना आम्ही फोटो काढून घरीच पाठवतो.

ओठाची पट्टी कापायची का?

वरचा ओठ उचलून आरशात पाहा. ओठाला हिरडीशी जोडणारी एक पातळ पट्टी दिसेल. काहींच्या तोंडात ती जाड असते आणि थेट दोन दातांच्या मधून टाळूकडच्या बाजूला जाते. फटीचा दोष तिला चटकन दिला जातो, आणि "पट्टी कापली की फट जाईल" असं कुणीतरी सांगतं.

लहान मुलांमध्ये ही पट्टी खालीच असते. जबडा वाढतो तशी ती वर सरकत जाते, म्हणजे सुळे येईपर्यंत तिच्यावर शिक्का मारायचं कारण नाही. सुळे आल्यावरही फट राहिली आणि ओठ ओढल्यावर दातांमधली हिरडी पांढरी पडत असेल, तर पट्टी कारण असू शकते. तेव्हाही आधी फट बंद करायची, मग पट्टी सोडवायची, हा क्रम बहुतेक वेळा बरा. आधी कापली तर तिथे व्रण तयार होतो, आणि तो कडक व्रण दातांना जवळ येऊ देत नाही.

अंगठा आणि जीभ

अंगठा चोखण्याची सवय चारेक वर्षांपर्यंत सुटली तर बहुधा काही बिघडत नाही. पक्के दात येताना ती चालू राहिली तर वरचे दात पुढे जातात आणि फाकतात. जिभेचंही तसंच. जीभ काही जोरात ढकलत नाही, पण तासन्‌तास दातांना टेकून राहिली की तेवढा हलका दाबही पुरतो. अशा वेळी कारण न सोडवता फट बुजवली तर ती पुन्हा उघडते.

रबरबँडचं रील

आता त्या रीलबद्दल. रबरबँडने फट बंद होते का? होते, आणि धोका त्यातच आहे, कारण पहिले काही दिवस सगळं छान वाटतं.

दाताचा आकार आठवा. हिरडीबाहेरचा भाग रुंद, आत मूळ गाजरासारखं निमुळतं. रुंद भागावर ताणून चढवलेला रबरबँड हळूहळू अरुंद बाजूला घसरत जातो. तो हिरडीखाली शिरतो आणि दिसेनासा होतो. माणसाला वाटतं, पडला असेल. आत तो मुळाला आवळत वर चढत राहतो आणि दाताला हाडाशी बांधणारे तंतू, मग हाडच, नष्ट करत जातो. रबर एक्स-रेवर दिसत नाही, त्यामुळे दात का हलतोय हे डॉक्टरलाही लगेच कळत नाही. निरोगी, न किडलेले पुढचे दोन दात यामुळे कायमचे गेल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. मुलीच्या आईला मी हे सांगितलं तेव्हा तिने तिथेच ते रील पुसून टाकलं.

"पण तुम्हीही रबरच वापरता ना?" असं विचारणारे असतात, आणि प्रश्न रास्त आहे. आम्ही रबर दाताभोवती गुंडाळत नाही. दातावर चिकटवलेल्या ब्रॅकेटला ते अडकवतो. ब्रॅकेट म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवलेली छोटी खाच असलेली पट्टी. रबर तिथून घसरून हिरडीत जाऊ शकत नाही, आणि तार दाताला वाट दाखवत असते.

दात हाडातून सरकतो कसा?

भिंतीत खिळा ठोकावा तसा दात हाडात रुतलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये पाव मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी जाडीचा तंतूंचा थर असतो, आणि दात त्या तंतूंवर टांगलेला असतो. हाड हीसुद्धा जिवंत, सतत मोडणारी आणि घडणारी गोष्ट आहे.

वळणावर नदी काय करते? एका काठाची माती खाते, दुसऱ्या काठाला गाळ टाकते, आणि बऱ्याच काळाने पात्र सरकलेलं दिसतं. दाताला एका दिशेने हलका दाब दिला की तसंच घडतं. ज्या बाजूला तो दाबतो तिथलं हाड विशिष्ट पेशी विरघळवतात. मागे जी जागा मोकळी होते तिथे दुसऱ्या पेशी नवं हाड रचतात. याचा वेग साधारण महिन्याला १ मिलिमीटर. म्हणून "जरा जोरात आवळा आणि लवकर संपवा" ही विनंती मी मान्य करू शकत नाही. द्राक्षाची नवी वेल बांबूला बांधताना सुतळी फार आवळली तर ती वेलीतच रुतते. इथे जास्त जोराने तंतूंचा रक्तपुरवठा दबतो, दात सरकायचा थांबतो आणि मूळ झिजू शकतं.

दुसरी बाब त्याहून महत्त्वाची. दाताचं टोक ढकललं तर दात नुसता कलतो. दोन दातांची टोकं एकमेकांना टेकली, मुळं मात्र लांबच राहिली, तर आरशात फट बंद दिसते आणि काही महिन्यांत पुन्हा उघडते. मूळ धरून अख्खा दात सरकवायला तार आणि ब्रॅकेट लागतात. आधी मऊ तारेने दात एका ओळीत आणायचे, मग जाड तारेवरून, मण्यांसारखी कडी असलेल्या रबरी साखळीने, ते जवळ ओढायचे.

फक्त मधली छोटी फट असेल तर काम काही महिन्यांचं असतं. चावाही, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवण, बिघडलेला असेल तर दीड ते दोन वर्षं धरा. चाव्याचा उल्लेख मुद्दाम केला, कारण खालचे दात वरच्या दातांच्या मागे खोलवर टेकत असतील तर वरच्या दातांना मागे यायला जागाच नसते. आधी चावा उघडावा लागतो. "फट एवढीशी, मग दोन वर्षं कशाला?" याचं उत्तर अनेकदा इथे असतं.

क्लिपा की पारदर्शक साचे?

काढता-घालता येणारी प्लेट दात कलवू शकते, मूळ नीट सरकवू शकत नाही. लहान, सरळ कामापुरती ती ठीक. पारदर्शक साच्यांना अलाइनर म्हणतात. दातांवर टोपीसारखा बसणारा साचा एक-दोन आठवड्यांनी बदलायचा, आणि प्रत्येक साच्यात दातांची जागा किंचित पुढची. विरळ दातांसाठी ते बऱ्याचदा चांगलं काम करतात. अट एकच: दिवसातले २० ते २२ तास घालायचे, जेवताना आणि ब्रश करतानाच काढायचे. कॉलेजातल्या मुलामुलींना मी हे स्पष्ट विचारते. दिवसभर चहा चालू असेल तर साचा खिशातच राहतो.

घरपोच अलाइनर मागवण्याबद्दलही विचारणा होते. अमेरिकेतल्या स्माइलडायरेक्टक्लब या मोठ्या कंपनीने हाच व्यवसाय केला आणि डिसेंबर २०२३ मध्ये ती बंद पडली. उपचार अर्ध्यावर असलेले ग्राहक तसेच राहिले. माझा आक्षेप मात्र त्याआधीचा आहे. ओपीजी नाही, हिरडीची तपासणी नाही, समोर बसून तोंडात पाहणारं कुणी नाही. आजींसारख्या कुणी असे साचे मागवले असते तर काय झालं असतं, हे पुढे वाचा.

आजींची फट

मोठेपणी, पूर्वी चिकटून असलेल्या दातांमध्ये नव्याने फट पडली तर ती वयामुळे पडली असं धरून बसू नका. सगळ्यात आधी हिरडी पाहायची. दातांवर साचलेल्या थरात जंतू वाढतात, थर टणक होऊन त्याचं कीटण होतं, हिरडी सुजते, आणि हळूहळू खालचं हाड ओसरतं. दुखत जवळजवळ काहीच नाही. आधार कमी झालेला दात मग जिभेच्या आणि चावण्याच्या नेहमीच्याच दाबाने पुढे झुकतो, पंख्यासारखा पसरतो. द्राक्षाच्या मांडवाचे खांब भुसभुशीत मातीत उभे केले तर तेवढ्याच वेलींच्या भाराने ते कलतात, तसं. मागची दाढ काढून तिथे काही न बसवलेल्यांचं चावण्याचं ओझं पुढच्या दातांवर येतं, आणि झुकणं वाढतं.

आजींच्या बाबतीत तीन गोष्टी एकत्र होत्या. मागच्या तीन दाढा गेलेल्या. मधुमेह, आणि गोळ्या आठवण येईल तशा. आणि लग्नाआधीपासूनची मिश्री. भाजलेल्या तंबाखूची ही काळी पूड आपल्याकडच्या किती बायका सकाळी आधी तोंडात धरतात, आणि तिला व्यसन न म्हणता दात घासणं म्हणतात. मिश्री म्हणजे तंबाखूच. तंबाखूने हिरडीचा आजार वाढतो, तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. मधुमेह आणि हिरडी यांचं नातं दोन्हीकडून आहे. साखर वाढलेली असली की हिरडीचा आजार बळावतो, आणि हिरडीतली सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही.

आजार चालू असताना दातांवर क्लिपा किंवा साचे चढवले तर हाड आणखी वेगाने जातं. म्हणून क्रम असा: आधी हिरडीखालून सफाई, साखर ताब्यात, मिश्री बंद. काही महिने हिरडी शांत राहिली की मग, अगदी हलक्या जोराने, दात मागे आणायचे. वयाची आडकाठी नाही. निरोगी हिरडी असेल तर साठीतही दात सरकतात.

"क्लीनिंग केलं की फटी पडतात"

आजी इतके दिवस दाखवायला आल्या नव्हत्या, त्या याच भीतीने. शेजारणीने दात साफ करून घेतले आणि "दात मोकळे झाले, हलायला लागले" असं गावभर सांगितलं होतं.

शेजारणीला जाणवलं ते खरंच होतं. कारण वेगळं होतं. हाड आणि हिरडी कधीच खाली गेलेली होती, रिकाम्या जागेत कीटण सिमेंटसारखं बसलं होतं, आणि दात त्या कीटणाच्या आधाराने घट्ट वाटत होते. ते काढल्यावर आधीपासूनची जागा उघडी पडली. सूज उतरली की हिरडी आणखी थोडी आकसते, त्यानेही फट मोठी दिसते. न काढता राहिलं असतं तर हाड आणखी गेलं असतं.

दात झिजवून कॅप का नको?

लग्न पंधरा दिवसांवर आलं की हा प्रश्न येतो. कॅपसाठी दात सगळ्या बाजूंनी झिजवावा लागतो. गेलेलं दंतकवच पुन्हा येत नाही, आणि कॅप आयुष्यात एकदा तरी बदलावी लागते. विशीतल्या धडधाकट दाताला मी हे सुचवणार नाही. फट छोटी आणि दात मुळातच बारीक असतील, तर दाताच्याच रंगाचं कॉम्पोझिट नावाचं भरण कडेला लावून तो किंचित रुंद करता येतो. त्यात दात जवळजवळ झिजवावा लागत नाही आणि काम एका बैठकीत होतं. खुंटीसारख्या दातासाठी तर तोच उत्तम मार्ग. मोठी फट अशी भरली की मात्र दात फावड्यासारखे दिसतात.

बुजवायलाच हवी का?

नाही. फटीचे दात नशीबवान, असं आपल्याकडे म्हणतात. त्याबद्दल मी काही सांगू शकत नाही, पण हिरडी निरोगी आहे, चावा नीट आहे, फट वर्षानुवर्षं तेवढीच आहे आणि तुम्हाला तुमचं हसू आवडतं, तर उपचाराची गरज नाही. लग्न ठरवताना सासरच्यांनी सांगितलं म्हणून आलेल्या मुलीला मी एकटीला बसवून विचारते, तुला हवंय का? दोनदा उत्तर 'नाही' आलं आहे, आणि दोन्ही वेळा मी तिला परत पाठवलं.

फट बंद झाली, आता क्लिपा काढल्या. संपलं?

इथेच अनेकांचे पैसे वाया जातात. बागायतदार वेल बांधल्यावर लगेच सुतळी सोडत नाही. काडी पक्व होईपर्यंत ती तशीच ठेवतो. दातांभोवती नवं हाड टणक व्हायला काही महिने लागतात, आणि हिरडीतले ताणलेले लवचिक तंतू वर्षभर दाताला जुन्या जागी ओढत राहतात. मधली फट पुन्हा उघडण्यात सगळ्यात हट्टी. म्हणून दातांच्या मागच्या बाजूला बारीक तार चिकटवून ठेवतात, तिला रिटेनर म्हणतात. बाहेरून ती दिसत नाही. अनेकांना ती कायमची ठेवावी लागते. जन्मभर तार म्हटलं की चेहरे पडतात. चष्मा जन्मभर लागतो तसं समजा. फक्त तिच्याखाली रोज नीट साफ करायचं.

कुणाकडे जायचं?

बीडीएस ही दंतवैद्यकाची पदवी. त्यानंतर दात सरकवण्याच्या शास्त्रात तीन वर्षांचं एमडीएस केलेल्यांना ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणतात. दवाखान्याच्या पाटीवर ते लिहिलेलं असतं, नसेल तर निःसंकोच विचारा. नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या खाजगी दवाखान्याचा खर्च झेपणार नसेल तर पंचवटीत मुंबई-आग्रा महामार्गावर केबीएच दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयांत शिकणारे डॉक्टर अनुभवी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात आणि खर्च सहसा बराच कमी येतो. वेळ जास्त द्यावा लागतो. दर महिन्याला यावं लागतं, हे मात्र कुठेही सुटत नाही. सुरगाणा-पेठहून येणाऱ्यांनी एसटीचा खर्च आणि बुडणारा रोज आधीच हिशेबात धरावा. द्राक्षबागेच्या ऑक्टोबरमधल्या छाटणीत दोन महिने दांडी पडली तर उपचार तेवढा लांबतो, म्हणून शेतकरी घरातल्यांशी मी तारखा आधीच ठरवते. आणि क्लिपा असताना चिक्की, कणीस, पेरू दाताने तोडू नका. द्राक्षं खुशाल खा.

त्या मुलीला मी पुढच्या मे महिन्यात फक्त फोटोसाठी बोलावलं. तिचे सुळे योग्य दिशेने उतरतायत. आजी दर तीन महिन्यांनी येतात. मिश्री सुटायला पाच महिने लागले, एकदा पुन्हा सुरू झाली, पुन्हा सुटली. हिरडीतून रक्त यायचं थांबलं आहे. मागच्या भेटीत मी विचारलं, "आजी, आता ती फट मिटवायची का?" त्यांनी नातीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हिची मिटते का बघू आधी. मग दोघींचं बरोबर बघू." दोघींची तारीख मी एकाच दिवशी ठेवली आहे.